जवळच्याले लांब तार

बंगलोर, ९ जानेवारी १९७२

वहिनीले जयभीम.

पुन्हा तेच! दोन वर्षं झाली, तरी तुझ्या प्रत्येक पत्रात एकच रडगाणं, का खेमराज सब्बल मारून पळाला आन् मार त्याच्या भावानं खाल्ला. मी पळालो नाई, वहिनी. भाऊनं मले मानगुटीले धरून बालाघाटच्या स्टँडवर बसमंदी कोंबलं, हे तू तुझ्या डोळ्यानं पाह्यलं. मुकादमानं, त्या भैयालालनं, तुझ्या थोबाडीत मारली तवा खाणीत शंभर माणूस उभा होता. हात कोणाचा उचलला? माझा. हातात दगड उकलायची लोखंडी सब्बल होती, तीच बसली त्याच्या जबड्यावर. जबडा वाकडा झाला त्याचं दुःख नाई. डोकं हुकलं, त्याचं आहे.

इथेही काई फार शांत बसलो नाई. खोलीतल्या एका पोट्ट्यानं माझ्या ताटाले पाय लावला, त्याचे दोन दात गेले. आता ताट लांबूनच ओलांडते.

काम मात्र चांगलं भेटलं. आमच्या कारखान्यात हिशोब करणारी मशीन बनते, कपाटाएवढी. आत पाटीएवढ्या प्लेटा दाटीवाटीनं उभ्या, आन् मधात ठोका देणारी एक डबी. तू असं समज, खाणीत तुमी बाया रांगेनं उभ्या राहून घमेली देता. एकजण 'हो!' म्हणते, सगळ्याजणी आपलं घमेलं पुढचीले देतात आन् मागचीचं घेतात. मशीनमंदी तेच. डबीनं 'हो' म्हटलं का प्रत्येक प्लेट आपला आकडा पुढे सरकवते. एका सेकंदात लाखो वेळा 'हो'. पण खोच अशी, का डबीजवळच्या प्लेटीले 'हो' आधी पोचते, दूरचीले उशिरा. तारेतून जायलेही वेळ लागते, बाप्पा! जवळचीनं घमेलं सोडलं आन् दूरचीचा हात आलाच नाई, तर आकडा पडला खाली, हिशोब चुकला. म्हणून आमचा फोरमन रामय्या म्हणते, जवळच्याले लांब तार द्या. जवळची तार मुद्दाम लांब कापायची, मंग 'हो' सगळ्याले संगच भेटते. दिवसभर मी तारा कापतो आन् शिसं वितळवून टाके घालतो. भाऊच्या सुरुंगाच्या बत्त्या, त्या जळत जाणाऱ्या वाती, आठवतात. त्याच्याजवळ बसून कापल्या नसत्या, तर हे काम मले इथे कोणी देलं नसतं.

भाऊचा हात कसा आहे? खरं सांग. तू नेहमी 'बरा आहे' लिहून पुढे पळते.

खेमराज


भरवेली, १८ जानेवारी १९७२

बाबूले जयभीम.

खरं पायजे ना? तर वाच. तू बसमंदी बसला त्याच सांजेले भैयालालच्या चौघांनी तुझ्या भावाचा उजवा हात दगडावर ठेवून घनानं ठेचला. हे मी आजवर लिहिलं नाई, 'मार खाल्ला' एवढंच लिहिलं. दोन बोटं वाकत नाईत. ड्रिल धरता येत नाई, म्हणून बत्तीच्या कामावर ठेवलं आहे. भैयालाल रोज हाजरीले वाकड्या तोंडानं विचारते, "कहाँ है रे महागू तेरा शेर?" तुझा भाऊ म्हणते, "काम पे है, मुकादम." एवढंच म्हणते. लहानपणी तुले जेवू घातलं, अक्षर गिरवून घेतलं, पण राग गिळायचं शिकवलं नाई, ही माझी चूक.

आता दुसरं. आपला नथ्थू गेला, खाणीतच.

तुले माहीत आहे, सात होल भरले तर सात आवाज मोजायचे, तवाच खाली उतरायचं. त्या दिवशी तुझ्या भावानं सहा मोजले. एक बाकी आहे, कोणी उतरू नका म्हणे. भैयालालले घाई, बाहेर ट्रक उभे. म्हणे, "दो साथ में फूटे बे, उतर!" भाऊ आडवा झाला तर त्याच्या पाठीत लाठी घातली आन् नथ्थूले लोटलं. नथ्थू शिव्या देत देत उतरला. खाली पोचला आन् सातवा फुटला.

आमी बायांनीच त्याले वर आणलं, बाबू. स्ट्रेचर नव्हतं. माझ्या घमेल्यात त्याचा पाय होता, चपलेसकट. चप्पल नवी होती, बालाघाटच्या बाजारातली.

साहेब आले तवा भैयालालनं सांगतलं, महागूनं मोजण्यात गलती केली. कागदावर तेच गेलं. आता नथ्थूची माय रस्त्यानं जाताना आमच्या दारावर थुंकून जाते.

त्या दिवसापासून तुझा भाऊ घरात बोलत नव्हता. मी तुझं पत्र वाचून दाखवलं तवा पह्यल्यांदा तोंड उघडलं. म्हणे, "त्याले विचार, जवळच्याले लांब तार देली तर खबर मागे राह्यते, हे पक्कं काय? आन् एवढी लांब तार ठेवते कुठं? गुंडाळून ठेवली तर चालते काय?" मी म्हटलं, तुमाले काय करायचं मशीनचं? म्हणे, "भावाचं काम समजून घ्याव वाटते." मले बरं वाटलं. लवकर उत्तर दे, म्हणजे आणखी बोलन.

जिजाबाई


बंगलोर, २६ जानेवारी १९७२

वहिनीले जयभीम.

नथ्थूचं वाचून मी टाका घालायची तापलेली सळई हातात धरून तसाच बसलो. हात भाजला तवा समजलं. नथ्थूनं मले वैनगंगेत पोहायले शिकवलं होतं. आन् घनाचं तू दोन वर्षं लपवून ठेवलं? मी इथे काय, पाहुणा आहे काय?

मी चाकू घेतला आहे. बावीस रुपयाचा, कळ दाबली का उघडणारा. सुट्टी भेटली का येतो. भैयालालचा जबडा एका बाजूनं वाकडा आहे, दुसऱ्या बाजूनं सरळ करतो. थुंकू दे नथ्थूच्या मायले, मी त्याचं मुंडकंच तिच्या दारात नेऊन ठेवतो.

भाऊले सांग, हौ, पक्कं आहे. तार लांब तेवढी खबर मागे. आमी लांब तार गुंडाळून प्लेटीच्या मागे बांधून टाकतो, समोरून कोणाले दिसतही नाई. आता रामय्या आणखी एक गोष्ट शिकवून राह्यला. सगळ्याले संगच 'हो' द्यावं असंही नसते म्हणे. रांगेत एखादी बाई चढावर उभी असते, तिचं घमेलं पोचायले वेळ लागते. तिच्यासाठी सगळी रांग हळू चालवायची काय? नाई. तिच्या पुढचीलेच 'हो' जरासं उशिरा द्यायचं, म्हणजे हात उशिरा पुढे येते. तेवढा वेळ पुढच्या सपाटावरून उसना घ्यायचा. मशीन जोरात पळते.

पण हद्द आहे त्याले. लय उशीर केला तर त्या बाईचं दुसरंही घमेलं येऊन पोचते. पह्यलं गेलं कुठे पुढचीले समजत नाई, दुसऱ्यालेच पह्यलं समजून घेते. असं झालं का मशीन अडत नाई, बोंबलत नाई. छातीठोक चुकीचा जबाब देते. रामय्या म्हणते, सगळ्यात वाईट मशीन ती, जिले वाटते आपलं मोजणं बरोबर आहे.

भाऊ आणखी विचारन तर लिहीन. मले काय, मी दिवसभर हेच करतो.

खेमराज


भरवेली, ४ फेब्रुवारी १९७२

बाबूले जयभीम.

चाकू नालीत टाक. मी नाई, तुझा भाऊ म्हणते. म्हणे, "त्याले सांग, येऊ नको. त्याची गरज नाई." तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ते छातीठोक चुकीच्या जबाबाचं आलं तवा हसला! किती दिवसांनी, बाबू. मले म्हणे, "मोजणं बरोबर वाटते त्याले... वा रे रामय्या." असा हसला का मलेच भेव वाटलं. पण हसला ते हसला. जेवलाही दोन भाकरी जास्त.

आता कामातही मन लागून राह्यलं. कालच बत्तीचं एक मोठं भेंडोळं घरी आणलं आन् धानाच्या कोठीत पुरून ठेवलं. ओल धरली होती म्हणे, धानात सुकते. मी म्हटलं, त्या वासानं तांदूळ खाता येईन काय? तर म्हणे, एकवीस तारखेलोक थांब, मंग तुझी कोठी तुले मोकळी.

एकवीसले खाणीचं नवं तोंड उघडणार आहे. ठेकेदार जीप घेऊन येते. रीत तुले माहीत आहे, पह्यले सात सुरुंग उडाले का मुकादम आवाज मोजते, एकटा उतरते, नारळ फोडते आन् पह्यला दगड वर आणते. भैयालालनं त्यासाठी नवं धोतर घेतलं. बत्त्या कापायचं काम तुझ्या भावालेच देलं. मले वाटते, आता त्यांचं जमन. तू तिकडे शांत राह्य.

जिजाबाई


बंगलोर, ११ फेब्रुवारी १९७२

वहिनीले जयभीम.

बरं झालं भाऊ हसला. कोठीतल्या भेंडोळ्याले हात लावू नको, आन् कोणाजवळ बोलूही नको. सुकू दे धानात. भाऊले माझा एक निरोप वाचून दाखव, जसाच्या तसा: "गुंडाळताना वेढे एकमेकाले चिकटू देऊ नको. आन् वाट पाह्य. सातनंतर."

तो समजन. तुले समजायची गरज नाई. मशीनची गोष्ट आहे.

मी इथे लय खुशीत आहे. आज रामय्याले चाय पाजली. काहून म्हणे, मी म्हटलं, सण आहे आमच्याकडे एकवीसले.

खेमराज


भरवेली, १३ फेब्रुवारी १९७२

बाबूले जयभीम.

तुझं पत्र यायच्या आधीच हे लिहून राह्यली, कारण कोणाले तरी सांगतल्याबिगर राहवत नाई. आन् हे तुझ्या भावाले सांगायचं नाई.

ठेकेदार एकवीसले फोटोवाला आणणार आहे. त्याले पह्यला दगड मुकादमाच्या हातात नको, बाईच्या डोक्यावर घमेल्यात पायजे. म्हणून या बारीले मुकादमाच्या मागे एक बाई उतरणार. भैयालालनं बायांच्या हाजरीत, तुझा भाऊ तिथे नसताना, सगळ्यांसमोर मलेच बोट दाखवलं. म्हणे, "जिजा चलेगी मेरे पीछे. इसके लोग नारियल नहीं फोड़ते, पर पत्थर तो उठा सकते हैं ना?" सगळे हसले. नाई म्हटलं असतं तर दोघांचंही काम गेलं असतं. हौ म्हटलं. ठेकेदार लुगडंही देणार आहे.

तुझ्या भावाले समजलं तर तो तिथेच त्याचा गळा धरन, आन् दुसराही हात गमावन. तो बत्त्या लावून पल्याडच्या आडोशाले बसते, त्याले दिसतही नाई इकडून कोण उतरते ते. फोटो काढून झाल्यावर सांगीन. तू तोंड बंद ठेव. सगळं पोटात ठेवायले मी एकटीच काय?

जिजाबाई


तार
बंगलोर, १९ फेब्रुवारी १९७२
महागू, सुरुंग मजदूर, भरवेली, बालाघाट

इक्कीस को जिजाबाई घमेला लेकर भैयालाल के पीछे उतरेगी
खेमराज


भरवेली, २ मार्च १९७२

खेमराज,

जयभीम लिहायचं मन नाई, तरी लिहिते. जयभीम.

तुझ्या तारेचं काय झालं ते ऐक. मले वाचता येते, म्हणून माझ्या नावाची पत्रं पोस्टवाला घरी देते; पण तार तू भावाच्या नावावर धाडली, आन् ज्या मजुराले वाचता येत नाई त्याची डाक मुकादमाच्या हातात जाते, हे तू विसरला. वीसले बालाघाटले पडून राह्यली. एकवीसले सुरुंग उडून राह्यले होते आन् पोस्टवाला सायकल घेऊन खाणीच्या काठावर आला. सात आवाज झाले. सगळ्यांनी मोजले, मीही मोजले. भैयालालनं नारळ घेतला, मले म्हणे चल. मी घमेलं डोक्यावर ठेवलं. तेवढ्यात पोस्टवाल्यानं त्याच्या हातात तुझी तार देली.

त्यानं वाचली आन् असा हसला का वाकड्या तोंडातून थुंकी उडाली. फोटोवाल्याले दाखवली, ठेकेदाराले दाखवली. मंग पल्याड आडोशाकडे तोंड करून बोंबलला, "अरे महागू! तेरे शेर को बंगलोर में जलन हो रही है! सुन, क्या लिखता है! जिजाबाई घमेला लेकर भैयालाल के पीछे उतरेगी!" सगळी खाण हसली. मले वाटलं, भुई फाटावी. मी तुले मनातल्या मनात किती शिव्या देल्या.

भैयालाल हसत हसत उतरायले लागला, मी मागे. अर्ध्या उतारावर आलो आन् वरून तुझा भाऊ धावत आला, काठावरून सरळ खाली, ढेकळासारखा.  माझे केस धरले आन् मले वर फरफटत नेलं, घमेलं गेलं गडगडत. मी किंचाळली. भैयालालले वाटलं, नवऱ्याले राग आला. नारळ तिथेच टाकला, वर चढून आला आन् लाठी घातली. "मेरे सामने? ठेकेदार के सामने?" तुझा भाऊ माझ्यावर पालथा पडला होता. पाठीवर, डोक्यावर, हातावर बसत होती. डाव्या हाताचं हाड मोडलं तवाचा आवाज मी ऐकला, खेमराज, कानाजवळच होता. तरी त्यानं मले सोडलं नाई आन् भैयालालचा पाय धरून ठेवला. मले वाटलं, माफी मागून राह्यला.

मंग आठवा फुटला.

उतारच उडाला, जिथे आमी असतो तो. दगड पडत राह्यले. भैयालालचा एक कान गेला, फोटोवाल्याच्या मांडीत दगडाची कपची घुसली. कोणी मेलं नाई.

लोक म्हणतात, महागूले समजलं होतं एक बाकी आहे ते, मुकादमाचा जीव वाचवला. ठेकेदारानं तीच गोष्ट जीपवाल्यांना सांगतली. पण मुकादम व्हायच्या आधी भैयालाल स्वतः बत्त्या लावत होता. त्याच सांजेले कानाले पट्टी बांधून आमच्या घरी आला, खाटेवर बसला, पाणी मागतलं, प्यायला. मंग खिशातून जळलेल्या बत्तीचा वेढा काढून खाटेवर ठेवला. म्हणे, "सात होल थे, महागू. आवाज़ आठ." मंग म्हणे, "औरत के लिए दौड़ा तू, मेरे लिए नहीं. समझता हूँ. थाने में दूँ तो फाँसी. नहीं दूँगा. खेमराज को बुला. मेरे जबड़े का हिसाब उससे है. चैत बीतने से पहले."

तवा मले तुझं अकरा तारखेचं पत्र आठवलं. "सातनंतर." कोठीतली लांब बत्ती लावून आठवा होल त्यानंच उतारात लपवला होता. मी माझ्याच तोंडानं तुझा निरोप त्याले वाचून दाखवला होता, आन् तुले कोठीतल्या बत्तीचीही खबर मीच देली. तुले माहीत होतं. तुमी दोघं भाऊ माझ्या तोंडून एकमेकांशी बोलत होते आन् मी म्हणत होती, बरं झालं, बोलून राह्यले.

तार धाडली ते तू धाडली. पण ती माझ्यासाठी होती. भैयालालच्या मागे दुसरी कोणी असती तर?

भावाचे आता दोन्ही हात नाईत म्हटलं तरी चालन. भाकरी मी भरवते. तू चाकू घेऊन येशीन, हे मले माहीत आहे. आला तर तुमी दोघं मराल, नाईतर भैयालाल मरन आन् तू फासावर. काय करायचं ते तू सांग. माझं डोकं चालत नाई.

जिजाबाई


बंगलोर, १० मार्च १९७२

वहिनीले जयभीम.

हे पत्र भरवेलीले पाठवत नाई, तिथली डाक कोणाच्या हातात जाते ते आता विसरणार नाई. कटंगीले तुझ्या बाबाच्या, सुखराममामाच्या नावावर पाठवतो. ते स्वतः येऊन तुझ्या हातात देतीन.

हौ, माहीत होतं. आनंदही झाला होता. दुसरी कोणी असती तर तार धाडली असती काय, ते मले सांगता येत नाई. 

तुझं पत्र भेटलं त्याच दिवशी मी चाकू कमरेले लावून स्टेशनावर गेलो. तू बरोबर ओळखलं. तिकिटाच्या रांगेत एका जाड्यानं मले लोटलं, शिवी देली. मी कळ दाबली. लोक पळाले. जाड्याही पळाला. त्याच्या मागे केळं विकणारी एक बाई टोपली घेऊन उभी होती, ती तिथेच राह्यली. चाकू तिच्या पोटापासून वीतभर होता. ती टोपली धरून माझ्याकडे पाहत राह्यली. वहिनी, मी ज्याले मारायले निघतो त्याच्या मागे नेहमी कोणी ना कोणी टोपली घेऊन उभं असते. मी चाकू मिटवला आन् पुलाकडे पळालो. हौ, पळालो. आता खुशाल लिही.

आता मी सांगतो तसं करा.

मी येत नाई, तुमी या. भैयालालले सांग, खेमराजचं पत्र आलं, चैत संपायच्या आत येतो म्हणे. त्याची माणसं बालाघाटच्या स्टँडवर माझी वाट पाहत बसतीन, येणाऱ्या बसकडे तोंड करून. जाणाऱ्याकडे कोणी पाहत नाई. दोघं संगच निघू नका, संगच निघाले तर समजन. भाऊले चालायले वेळ लागते, हात बांधले आहेत, बसमंदी चढता येत नाई. त्याले आधी काढ. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी सुखराममामासंग, हाडवैद्याकडे जातो म्हणून. तू त्या दिवशी कामावर जा, हाजरी दे, भैयालालच्या समोरून दोनदा जा. दुसऱ्या दिवशी कटंगीच्या बाजाराले म्हणून निघ, रिकामी टोपली घेऊन. तुमसरची बस दोघांनी वेगवेगळी पकडा. तुमसर रोड स्टेशनावर मात्र एकाच टायमाले पोचले पायजे, नागपूरच्या गाडीच्या आधी. आधी पोचला तो उघडा पडते, मागे राह्यला त्याची गाडी जाते. म्हणून भाऊले मामानं कटंगीलेच थांबवून ठेवाव, आन् तू येऊन पुढे गेली का मंगच, लगेच मागच्या बसनं सोडाव. त्याले राग येईन, येऊ दे.

घरातलं काई आणू नका. कोठीतलं धान नथ्थूच्या मायच्या दारात ठेवून या. थुंकली तरी ठेव.

रामय्याशी बोललो. टाके घालायच्या कामावर इथे बायाच जास्त आहेत. तो म्हणे, तुझ्या वहिनीचा हात थरथरते काय? मी म्हटलं, नाई, तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या दोघा भावांचे थरथरतात. एक तारीखपासून घेतो म्हणे. भाऊसाठी माझ्या खोलीत खाट टाकली आहे. ज्या पोट्ट्याचे दात पाडले, त्यानंच उचलायले हात लावला.

दोघांच्या तिकिटाचे आन् वाटेत चाय-भाकरीचे पैसे मामाच्या नावानं मनिऑर्डरनं पाठवून राह्यलो. परतीचं धरलं नाई. चाकू विकला, त्याचे चौदाच आले, तेही त्यातच आहेत. एकूण एकशे साठ रुपये.

खेमराज